सगळ्यांना चालेल अशी बाटली

आमच्या उज्जैनला काळभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो. भक्त बाटली पुजाऱ्याच्या हातात देतो, पुजारी बशीत ओतून ती मूर्तीच्या मुखाला लावतो आणि बघता बघता बशी रिकामी होते. बाहेरगावचे पाहुणे आले की महाकाळाचं दर्शन झाल्यावर त्यांना हेच बघायचं असतं. आणि याच उज्जैनमध्ये 1 एप्रिल 2025 पासून नगर हद्दीतली दारूची दुकानं सरकारनं बंद केली आहेत. थोडक्यात, या गावाचं आणि बाटलीचं नातं साधं नाही. अशा गावात, पिढ्यान्‌पिढ्या मद्य, मांस आणि मधाला न शिवलेल्या जैन घरातल्या बाईवर एक चांगली वाइन निवडायची वेळ आली. बिनदारूची, फेसाळणारी.

निमित्त लेकीच्या साखरपुड्याचं. जावई पुण्याचा. माणसं मराठी, सालस, पण जैन नाहीत. त्यांच्याकडे आनंदाच्या प्रसंगी सगळ्यांनी मिळून पेला उंचावायची पद्धत आहे. लेक म्हणाली, “आई, त्यांनी दारू नको हे आपणहून मान्य केलंय. मग आपण पेला तरी मान्य करूया ना! बिनअल्कोहोलची स्पार्कलिंग वाइन मिळते हल्ली. तूच निवड. तुला चालेल तीच आणू.”

“तुला चालेल तीच” म्हटल्यावर माझी पळवाटच बंद झाली. तिनं स्वतःच निवडून आणली असती तर मी नाक मुरडून मोकळी झाले असते. आता निवड माझी, म्हणजे जबाबदारीही माझी. खरं सांगते, बी.ए.च्या तीन वर्षांत मी जेवढी बारीक अक्षरं वाचली नसतील तेवढी त्या महिनाभरात बाटल्यांच्या पाठीवर वाचली.

पहिली गोष्ट कळली ती ही, की ‘बिनदारूची वाइन’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. बाटल्या सारख्याच दिसतात, मानेभोवती सोनेरी वर्खही सारखाच असतो. पण एकीत असते खरीखुरी वाइन. द्राक्षाचा रस यीस्ट घालून आंबवलेला, साखरेचा अल्कोहोल झालेला आणि मग तो अल्कोहोल काढून टाकलेला. दुसरीत असतो द्राक्षाचा रस, जो कधी आंबलाच नाही. गाळलेला, तापवून निर्जंतुक केलेला आणि त्यात सोड्यासारखा वायू भरलेला. पहिलीवर ‘डी-अल्कोहोलाइज्ड’ असा शब्द असतो, दुसरीवर ‘स्पार्कलिंग ग्रेप ज्यूस’. दुकानात मात्र दोघी एकाच फळीवर, खांद्याला खांदा लावून उभ्या.

अल्कोहोल काढतात कसा, हे जावयानं मला फोनवर समजावून सांगितलं. एरवी अल्कोहोल उकळायला अठ्ठ्याहत्तर अंश उष्णता लागते, आणि एवढं तापवलं तर वाइनचा वास-स्वाद करपून जातो. म्हणून भांड्यातली हवा काढून घेतात. हवेचा दाब कमी झाला की तीसेक अंशांवरच अल्कोहोल उडून जातो. जर्मनीतल्या कार्ल युंग नावाच्या गृहस्थानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ही युक्ती शोधून तिचं पेटंट घेतलं. दुसरी रीत आपल्या ओट्यावरच्या आरओसारखी, म्हणजे बारीक पडद्यातून दाबानं गाळायचं. “पण काकू,” तो प्रामाणिकपणे म्हणाला, “अल्कोहोल जातो तेव्हा एकटा जात नाही. अंग जातं, वास जातो. मग तो उणेपणा भरायला बरेच जण साखर घालतात.” मला हे पटलं. ताकातून लोणी काढल्यावर उरतं तेही ताकच असतं, पण त्याला आधीच्या ताकाची सर नसते.

दुसऱ्या बाटलीची गोष्ट मला जास्त जवळची वाटली. अमेरिकेत 1869 मध्ये थॉमस वेल्च नावाच्या एका दंतवैद्यानं द्राक्षाचा रस बाटलीत भरून उकळत्या पाण्यात तापवला, म्हणजे त्यातलं यीस्ट मरेल आणि रस आंबणार नाही. कशासाठी? तर चर्चमधल्या प्रसादाच्या विधीसाठी. तो मेथॉडिस्ट पंथाचा, दारूच्या विरोधातला. विधीत तर वाइन लागते, आणि दारू तर नको. म्हणजे माझ्यापुढे जो पेच होता तोच त्याच्यापुढे दीडशे वर्षांपूर्वी होता. दात काढणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार माया वाटली!

आता प्रश्न असा, की दोन्हींत दारू नाही, मग जैन घराला त्यात फरक का पडावा? जावयानं हेच विचारलं, आणि वाद घालण्यासाठी नाही, समजून घेण्यासाठी विचारलं. तो म्हणाला, “अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असेल तर आपला कायदाही त्याला मद्य मानत नाही. आणि इतका किंचित अल्कोहोल पिकलेल्या केळ्यात, पावात, संत्र्याच्या रसातसुद्धा असतो.”

हिशोबाला बरोबर आहे ते. पण आमच्याकडे मद्याचा त्याग हा फक्त नशेचा त्याग नाही. श्रावकाच्या अष्टमूलगुणांत मद्य, मांस आणि मध हे तिन्ही एका ओळीत येतात ते नशेमुळे नव्हे. मधानं कुणाला झिंग चढते? तिथे आडवी येते ती जीवहिंसा. मद्य तयार होतं ते असंख्य सूक्ष्म जीव वाढवून आणि मारून. बाटलीतून अल्कोहोल काढून घेतला म्हणजे झालेली गोष्ट न झाली असं होत नाही. केळं झाडावर पिकता पिकता जे होतं ते होतं. पण पिंपात रस भरून, वर यीस्ट टाकून, मुद्दाम बसून आंबवणं वेगळं. आमच्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. घरसंसारात जी टळत नाही ती आरंभी. मनात ठरवून करतो ती संकल्पी, आणि गृहस्थानं निदान ती तरी सोडावी. केळं आणि वाइन यांच्यामधली माझी रेघ इथे आहे.

“मग दही?” लेकीनं लगेच पकडलं. तिला मी वाढवलंय, तेव्हा हा प्रश्न येणार हे ठाऊकच होतं. दह्याला आमच्याकडे मर्यादा आहे. पिठालाही आहे: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. चव पालटली की ते अन्न ‘चलितरस’, पानातून बाद. माझ्या सासूबाई तर तापवलेल्या दुधात चांदीचा रुपया टाकून विरजण लावतात. प्रत्येकाची रेघ थोडी इकडे, थोडी तिकडे. पण रेघ असतेच, आणि ती ज्याची त्यानं ओढायची असते.

मला ही रेघ पुस्तकातून कळलेली नाही, नाकातून कळली आहे. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, तासगावकडचं. तास-ए-गणेश द्राक्षाचं नाव ज्या गावावरून पडलं तोच मुलूख. आमची बाग होती, बेदाण्याची शेड होती. फेब्रुवारी-मार्चात अवकाळी पाऊस झाला की मणी तडकत. तडकलेले मणी क्रेटमध्ये तसेच राहिले तर दुसऱ्या दिवशी शेडमध्ये एक आंबूस, गोडसर वास भरून राही आणि चिलटं घोंगावत. वडील तो क्रेट उचलून लांब नेऊन ओतत. गुरांनाही घालू देत नसत. पुढे 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, आमच्या जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क निघालं, आणि आसपासच्या काही जणांनी वाइनची द्राक्षं लावली. वडिलांनाही विचारणा झाली, दरही ठरवून मिळणार होता. वडील म्हणाले, “खाण्याचं द्राक्ष पिकवतो. ते नेऊन कुणी काय करावं ते माझ्या हातात नाही. पण आंबवण्यासाठीच म्हणून मी वेल लावणार नाही.” त्या दोन वाक्यांत संकल्पाचा सगळा अर्थ आहे. त्या वर्षी भाव पडले, घरात तंगी आली, पण तो वेल काही लागला नाही.

तेव्हा पहिली चाळणी ठरली: आंबवून काढलेली नको, कधीच न आंबलेली हवी.

दुसरी चाळणी रंगाची आणि गाळण्याची. वाइन काय किंवा रस काय, नितळ दिसावा म्हणून त्यात काहीतरी घालून गाळ खाली बसवतात. काही ठिकाणी बेंटोनाइट नावाची माती वापरतात, ते ठीक. पण काही ठिकाणी जिलेटिन, अंड्याचा पांढरा बलक, किंवा माशाच्या पोटातल्या पिशवीपासून काढलेलं आयसिंग्लास वापरतात. गाळाबरोबर ते निघून जातं, म्हणून घटकांच्या यादीत बहुतेक वेळा त्याचं नाव दिसत नाही. मग ओळखायचं कसं? हिरवा ठिपका बघायचाच, पण त्याच्या जोडीला ‘वेगन’ असं लिहिलंय का तेही बघायचं. आपल्याकडे 2022 पासून वेगन अन्नाचे स्वतंत्र नियम आणि खूण आली आहे. वेगनवाल्यांना मधही चालत नाही, हे वाचून मला गंमत वाटली. वाटा वेगळ्या, पण या एका वळणावर आम्ही एकत्र!

आणि गुलाबी-लाल बाटली हातात घेतली तर रंगाचा क्रमांक वाचायचाच. आय. एन. एस. 120 असेल तर बाटली जागच्या जागी परत ठेवायची. हा कार्माइन, कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग. 163 असेल तर तो फळांच्या सालींतला, द्राक्षाच्या सालीतलाही. नुसता 290 दिसला तर घाबरायचं नाही, तो बुडबुड्यांचा कार्बन डायऑक्साइड. सल्फाइट लिहिलं असेल तर घरात कुणाला दमा आहे का ते आठवायचं. मी हे आकडे वाणसामानाच्या यादीच्या मागे लिहून घेतले आणि चष्मा लावून फ्रीगंजातल्या एका दुकानात उभी राहिले. दुकानदार थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “भाभीजी, इतना मत सोचो, ये तो बच्चे भी पीते हैं.” मी म्हटलं, “भैया, इसीलिए तो सोच रही हूँ.” तेवढ्यात मंदिरातल्या दोघी जणी तिथून गेल्या. मी वर्खाच्या बाटल्यांच्या फळीसमोर चष्मा सरसावून उभी! दुसऱ्या दिवशी प्रवचनाच्या वेळी दोघींनी माझ्याकडे जरा जास्तच प्रेमानं पाहिलं.

तिसरी चाळणी साखरेची, कारण आमच्या ह्यांना मधुमेह आहे. इथे गंमत अशी, की न आंबलेली बाटलीच जास्त गोड असते. आंबवताना द्राक्षातली साखर यीस्ट खातं. न आंबलेल्या रसात ती सगळीच्या सगळी शिल्लक राहते. शंभर मिलिलिटर रसात साधारण पंधरा ग्रॅम. म्हणजे एका लहान पेल्यात चारपाच चमचे साखर झाली. खऱ्या फेसाळ वाइनवर जे ‘ब्रुट’ लिहितात त्याचा अर्थ लिटरला बारा ग्रॅमपेक्षा कमी साखर; ‘डेमी-सेक’ म्हणजे बत्तीस ते पन्नास. नुसत्या रसाला हे शब्द लागूच नाहीत, त्यात लिटरला दीडशे! तेव्हा रसाच्या बाटलीवर निदान वरून घातलेली साखर तरी नाही ना, एवढं बघायचं. घटकांत पहिलं नाव द्राक्षरसाचं हवं, पाण्याचं आणि साखरेचं नको. आणि मधुमेहाच्या माणसाला अर्धा रस, अर्धा साधा थंड सोडा आणि लिंबाचे चार थेंब. ह्यांना ते नुसत्या रसापेक्षा जास्त आवडलं, आणि चव घेतल्यावर मलाही.

कारण चवीचं खरं रहस्य आंबटपणात आहे. चांगली फेसाळ वाइन कशी असते हे मी कधी चाखलेलं नाही, चाखणारही नाही. पण जावयानं पुण्यात दोनतीन प्रकार पिऊन पाहिले आणि मला सांगितलं, “काकू, गोड झालं की सरबत वाटतं. जिभेच्या कडेला आंबट लागलं आणि गिळल्यावर तोंड कोरडं झालं, तर पेय मोठ्यांचं वाटतं.” मग मी इंदूरहून दोन प्रकारचा द्राक्षरस आणवला आणि घरी चाखला. काळ्या द्राक्षाचा जिभेवर बसून राहिला. पांढऱ्या द्राक्षाचा हलका, आंबटगोड, आणि बुडबुडे बारीक. बारीक बुडबुडे पेल्याच्या तळातून मोत्यांच्या सरीसारखे वर येत राहतात. मोठे बुडबुडे सोड्यासारखे एकदम उसळतात आणि विझतात. गार केल्यावर हे जास्त नीट कळतं, कारण थंड रसात वायू विरघळून राहतो. म्हणून बाटली आदल्या रात्री फ्रिजमध्ये आडवी न ठेवता उभी ठेवायची, हलवायची नाही, आणि पेला तिरका धरून काठाकाठानं ओतायची.

इथपर्यंत आल्यावर बाटली सापडलीच होती. पण खरी अडचण अजून पुढेच होती.

एका रात्री मला यशोधर राजाची गोष्ट आठवली. ही गोष्ट आमच्याच उज्जयिनीची. सोमदेवसूरींनी 959 मध्ये ‘यशस्तिलक’ लिहिलं, पुष्पदंतानं अपभ्रंशात लिहिलं, जन्नानं 1209 मध्ये कन्नडमध्ये लिहिलं. आमच्याकडे आजीच्या मांडीवर ऐकायची ही कथा. उज्जयिनीच्या राजा यशोधराला वाईट स्वप्न पडलं. आई म्हणाली, देवीला पशूचा बळी दे. राजा जैन धर्माकडे वळलेला, तो नको म्हणाला. मग आईनं मधला मार्ग काढला: पिठाचा कोंबडा करू आणि तो कापू. त्यात जीव नाही, मग हिंसा कुठली? राजानं पिठाच्या कोंबड्यावर तलवार चालवली. आणि त्या एका घावासाठी मायलेक पुढे जन्मोजन्म मोर, कुत्रा असे पशुयोनीत भटकत राहिले. कारण कोंबडा पिठाचा असला तरी मारायचा भाव खरा होता.

मी अंथरुणात उठून बसले. ही बाटली म्हणजे पिठाचा कोंबडाच नव्हे का? दारू नाही, पण बाटली दारूची, बूच दारूचं, पेला दारूचा, आव दारूचा. 2005 मध्ये शॅम्पेनच्या बाटलीसारखी दिसणारी ॲपी फिज बाजारात आली. मुलं वाढदिवसाला ती हलवून उडवायची तेव्हा आम्ही हसत होतो. तेव्हा पडला नव्हता तो प्रश्न आता पडला.

याच सुमारास विहीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “ताई, एक सांगायचं होतं. माझा भाऊ येणार आहे. त्याची दारू सुटून आता चार वर्षं झाली. फार कष्टानं सुटली. डॉक्टरांनी बजावलंय, दारूसारखी दिसणारी, दारूसारखा वास असलेली वस्तूसुद्धा हातात घ्यायची नाही. बिनदारूची असली तरी. तो काही बोलणार नाही, एखाद्या कोपऱ्यात जाऊन उभा राहील. मलाच आपलं वाटलं, तुम्हाला सांगावं.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. हजार वर्षांपूर्वी एका मुनीनं लिहिलं आणि पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ते एकच होतं. नकलेतही अस्सलाची ओढ असते. ज्याला ती ओढ माहीत नाही त्याला तो खेळ वाटतो. ज्यानं ती भोगली आहे त्याच्यासाठी पिठाचा कोंबडा पिठाचा राहत नाही.

आता चाळणी लावायची ती बाटलीला नव्हतीच, आमच्या मनातल्या हेतूला होती. आपल्याला दारूचा खेळ खेळायचा आहे, की दोन घरांनी मिळून एकमेकांचं स्वागत करायचं आहे? लेकीला मी हेच विचारलं. ती चिडली. “आई, तू एका पेल्याचं पुराण करतेस!” मग तिला मामांचं सांगितलं. ती गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, “मग उंच ग्लास नकोत. बूचही नको उडवायला. फोटोचं बघू काहीतरी.” तिला त्या फोटोची किती हौस होती हे मला माहीत होतं, म्हणून तिचं ते “बघू काहीतरी” मला फार मोठं वाटलं.

सासूबाईंचा प्रश्न तर वेगळाच. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या, व्रती. बाजारातलं काहीच घेत नाहीत. हिरवा ठिपका असो की वेगनची खूण, बंद बाटली त्यांच्या लेखी शिळी. आणि सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. म्हणून साखरपुडा दुपारचा ठरला आणि पेल्याची वेळ पाच. फेब्रुवारीच्या मध्यात उज्जैनला सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास सूर्य मावळतो. गडबड नको म्हणून तास-सव्वातास हाताशी ठेवला. त्यांच्यासाठी भावानं तासगावहून द्राक्षाची पेटी पाठवली. त्याच दिवशी निवडून, धुऊन, कुस्करून, दुहेरी फडक्यातून गाळलेला रस. फेस नाही, पण रंग तोच, फिकट हिरवट सोनेरी.

सगळ्या बाटल्या स्वयंपाकघरातच उघडल्या. ‘वाइन’ हा शब्द नसलेल्या, पांढऱ्या द्राक्षाच्या फेसाळ रसाच्या, फिरकीच्या झाकणाच्या. ओतलं ते आमच्या रोजच्या काचेच्या ग्लासांत, पाहुण्यांना पन्हं देतो त्याच. ट्रे फिरला तेव्हा बाहेर फक्त ग्लास गेले, बाटली नाही. ह्यांच्या ग्लासात निम्मा सोडा. माझ्या गरोदर पुतणीनं ट्रेकडे पाहून विचारलं, “काकू, मला चालेल?” मी म्हटलं, “तुलाही चालेल असंच शोधलंय.” लहान मुलांनी दोन दोन ग्लास घेतले. विहीणबाईंचा भाऊ खिडकीशी उभा होता. त्यांच्यापुढे मी स्वतः ट्रे धरला आणि म्हटलं, “आमच्या माहेरी द्राक्षाची बाग आहे. हा नुसता रस आहे, कधी न आंबलेला.” एवढंच. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, क्षणभर थांबले आणि मग इतरांसारखाच वर उचलला.

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “काय बोलायचं असतं या वेळी?”

जावई म्हणाला, “काही नाही आजी. सगळ्यांनी एकमेकांकडे बघायचं आणि प्यायचं.”

“एवढंच? मग प्या की! सूर्य काही थांबणार नाही तुमच्यासाठी.”

फोटो आला आहे. ग्लास बुटके आहेत, बुडबुडे काही दिसत नाहीत, दोघातिघांचे डोळे मिटलेले आहेत. पण मोजून पाहिलं, एकतीस माणसं आहेत आणि एकतीस हात वर आहेत. कोपऱ्यात कुणी उभं नाही.

हल्ली ओळखीच्या बायका मला विचारतात, कुठली बाटली चांगली? मी त्यांना नाव सांगत नाही. नावं बदलतात, दुकानं बदलतात. मी म्हणते, आंबवलेली की न आंबलेली ते आधी वाच, मग रंगाचा क्रमांक वाच, मग साखर वाच. आणि हे सगळं वाचून झालं की एक कागद घे आणि ती पिणार कोण कोण, त्यांची नावं लिही. सगळ्यात म्हातारं माणूस, सगळ्यात लहान मूल, आणि जो काही बोलणार नाही तो. त्या यादीतल्या एकालाही ती चालणार नसेल, तर ती कितीही चांगली असली तरी दुसरी शोध.